‘फ्री’ म्हणजे फुकट नव्हे, जुन्या गाडीची बातमी छापताना एवढं तरी लिहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पत्र लांबलंय, कापायचं तर खुशाल कापा पण आकडे तेवढे ठेवा. मी परळला राहतो, सगळी नोकरी बॅलार्ड इस्टेटला, लोकांचा माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटकडे काढली, म्हणजे काखेत फाईल आणि कस्टम हाऊसचे जिने वर-खाली. आता रिटायर आहे आणि सकाळी चहाबरोबर पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो, जाहिराती आणि निधनवार्तांसकट.

तर झालं असं की माझ्या एका वर्गमित्राचा फोन आला. आवाज एवढा चढलेला की मला वाटलं लॉटरी लागली. म्हणाला, अरे विंटेज गाड्यांची आयात फ्री झाली, पेपरात आलंय! मागोमाग व्हॉट्सॲपवर कात्रण. कुठल्या पेपरचं ते कळेना, वरचा भाग कापलेला, म्हणून तुमच्यावर आळ घेत नाही. पण हेडिंग ठळक होतं, पन्नास वर्षं जुन्या गाड्यांची आयात आता फ्री. आणि या पठ्ठ्याने ते वाचून मला विचारायच्या आधीच, आधी बरं का, इंग्लंडमधल्या एका विकणाऱ्याला ५०० पाउंड बयाणा पाठवून दिला होता. १९६८ची मॉरिस मायनर. आयुष्यभर भाजी घेताना चार ठिकाणी भाव विचारणारा माणूस आहे हा.

त्याला दोष तरी कसा देऊ? त्याच्या वडलांकडे गिरगावात बेबी हिंदुस्थान होती. आताच्या पोरांना माहीत नसेल, मॉरिस मायनरच, पण हिंदुस्थान मोटर्सने इथे त्या नावाने विकलेली. त्या गाडीला हल्लीसारखे लुकलुकणारे इंडिकेटर नव्हते, दाराच्या मधल्या खांबातून एक केशरी हात बाहेर यायचा, वितीएवढा, आतून दिवा लागलेला. उजवीकडे वळायचं तर उजवा हात, डावीकडे तर डावा. आम्ही पोरं फुटपाथवर उभी राहून तो हात कधी येतो ते बघायचो. डावा अडकायचा. मग काका खिडकीतून हात घालून खांबाला एक थाप मारायचे आणि तो खटकन आत जायचा. पुढे ती गाडी विकली, १९७४ साली असेल, आणि मित्राच्या आईला त्यानंतर कित्येक वर्षं टॅक्सीत बसलं की रडू यायचं असं तो सांगतो, खरंखोटं देव जाणे. म्हणून त्याला मॉरिसच पाहिजे. इथे मिळतात त्यांचे पत्रे समुद्राच्या हवेने चाळणी झालेले, हे त्याचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे.

आता ‘फ्री’ची गोष्ट. परराष्ट्र व्यापार खात्याच्या यादीत प्रत्येक मालासमोर एक शब्द असतो, फ्री, रिस्ट्रिक्टेड, किंवा प्रोहिबिटेड. फ्री म्हणजे वेगळं लायसन काढायला नको, बस्स. फुकट नाही, ड्युटी माफ तर अजिबात नाही. आम्ही डॉकवाले हा शब्द दिवसातून पन्नासदा बोलायचो, आम्हाला कधी शंका आली नाही, पण बाहेरच्या माणसाने फ्री वाचलं तर तो तेच समजणार जे साबणावर साबण फ्री वाचून समजतो. पूर्वी १ जानेवारी १९५०च्या आधी बनलेल्या गाड्यांनाच ही सवलत होती, ती तारीख वर्षानुवर्षं तिथेच खिळा ठोकल्यासारखी. २०२५ला ती काढून पन्नास वर्षं केली, म्हणजे दर वर्षी एकेक साल आपोआप आत येत जाणार. चांगलं केलं, मनापासून सांगतो. पण साधी सेकंडहँड गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही आणि ही पन्नासच्या वरची असेल तर चालते, मग मधली सत्तेचाळीस वर्षं गाडीने कुठे काढायची हे मला अजून कोणी समजावलेलं नाही.

मित्राला घरी बोलावला आणि वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला, तोच इथे देतो. गाडी, जहाजाचं भाडं, विमा सगळं धरून ७००० पाउंड. तेव्हा पाउंड एकशे पंधराच्या आसपास होता, म्हणजे ८ लाख धरा. आपल्याकडे ही गाडी विंटेज असो की तिचं मंदिर बांधा, ड्युटी लावताना ती ‘वापरलेली मोटारकार’. मूळ कस्टम ड्युटी ७० टक्के, त्याच्या जोडीला ६७.५ टक्के उपकर, मिळून १३७.५. आठ लाखांवर ११ लाख झाले. आता ८ आणि ११ मिळून १९ लाख, या एकोणीसवर जीएसटी, नुसत्या आठवर नाही, ड्युटीवरसुद्धा. सप्टेंबर २०२५पासून छोट्या गाडीला १८ टक्के आणि मोठ्या इंजिनवालीला ४०. मॉरिस छोटी म्हणून वाचली, तरी ३ लाख ४२ हजार. एकूण २२ लाख ४२ हजार, आणि अजून गाडी न्हावा शेवाच्या यार्डातून बाहेर आलेली नाही! यार्डाचं भाडं, एजंट, चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला, ट्रेलर, हे सगळं पुढेच. मित्राने वही स्वतःकडे ओढून घेऊन बेरीज परत केली. माझीच बरोबर होती.

एक गंमत सांगतो, तो जो ६७.५ टक्के उपकर आहे ना त्याचं पूर्ण नाव आहे कृषी पायाभूत सुविधा आणि विकास उपकर. शेतकऱ्यासाठी पैसे जमवायला माझा विरोध नाही, आमचं मूळ कोकणातलं, थोडी भातशेती आहे, पण मॉरिस मायनरच्या जिवावर भाताचं गोदाम बांधणार असतील तर दर साली किती मॉरिस येतात ते तरी बघा.

ब्रिटनमध्ये कसं आहे तेही सांगतो, कारण गाडी तिथलीच. तीस वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली आणि ते मॉडेल आता बनत नसेल तर अशी गाडी बाहेरून आणताना ते तिला संग्राहकाची वस्तू समजतात, नाणी-म्युझियमच्या वस्तू ज्या खान्यात येतात तिथेच. कस्टम ड्युटी शून्य, व्हॅट ५ टक्के. अमेरिकेत पंचवीस वर्षं झाली की त्यांचे सेफ्टीचे नियमच लागू होत नाहीत. म्हणजे जुनी गाडी ही वेगळी चीज आहे हे जगाने मानलंय, आपल्या वाहतूक खात्यानेही मानलंय, फक्त ड्युटी लावणाऱ्यांना अजून सांगितलेलं दिसत नाही.

आणि पैसे भरले म्हणजे सुटलात असंही नाही. माझ्या नोकरीतला एक किस्सा. एका पार्टीने १९३०च्या दशकातली गाडी मागवली होती, तेव्हा तो १९५०चा नियम होता त्यामुळे त्यात बसत होती. मे महिना, दुपारचे दोन, कंटेनर उघडला आणि आतून भट्टीसारखा वाफारा आला, जुनं चामडं, रबर आणि ओल्या लाकडाचा मिळून एक वास, अजून नाकात आहे. चारी चाकांना पट्टे, पुढेमागे लाकडाचे ठोकळे ठोकलेले, बॅटरीची वायर काढून टेपने गुंडाळलेली, पेट्रोल टाकी रिकामी. सगळं व्यवस्थित. कस्टम्सचे माल तपासणारे अप्रेझर साहेब आले, भला माणूस, म्हणाले चासी नंबर दाखवा. बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर पितळेची पट्टी होती आणि कुठल्या तरी शहाण्याने गाडी रंगवताना तिच्यावरूनही ब्रश फिरवलेला. मी रॉकेलमध्ये फडकं बुडवून अर्धा तास घासत होतो, शर्टाचं पोतेरं झालं, शेवटी एकेक आकडा वर आला. आणि इनव्हॉइसवर जिथे आठ टाईप केलेला तिथे पट्टीवर तीन! एक आकडा. साहेब म्हणाले मी काय करू, कागद एका गाडीचा आणि समोर दुसरी गाडी. परदेशातून दुरुस्त इनव्हॉइस, बँकेचं पत्र, बिल ऑफ एंट्रीत म्हणजे कस्टम्सकडे भरायच्या आयातीच्या कागदात दुरुस्ती, यात पंधरा दिवस गेले आणि रोजचं भाडं चालूच. त्या पार्टीने नंतर दिवाळीला सगळ्या ऑफिसला मिठाई पाठवली, मला वेगळा शर्टपीस.

म्हणून मित्राला सांगितलं की गाडीचा फोटो नको, नंबराच्या पट्टीचा फोटो मागव, आणि इंजिनवरच्या नंबराचा पण. फोटो आले तेव्हा नवीनच भानगड. जाहिरातीत विकणाऱ्याने कौतुकाने लिहिलेलं की १२७५चं इंजिन बसवलंय, गाडी हायवेला पळते. या मॉरिसचं मूळ इंजिन १०९८ सीसीचं, पण तिकडे हौशी लोक सर्रास मोठं बसवतात, त्यांना ते चालतं. आपला २०२१चा विंटेज नोंदणीचा नियम मात्र म्हणतो की गाडी मूळ स्वरूपात पाहिजे, चासी, बॉडी किंवा इंजिन यात मोठा बदल नको. म्हणजे एवढे लाख मोजून गाडी आणायची आणि आरटीओच्या समितीने बॉनेट उघडून मान हलवायची. दुसरं, पन्नास वर्षं मोजायची ती पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून. गाडी बनली १९७४ला आणि शोरूममध्ये पडून राहून विकली गेली १९७६ला तर हिशोब १९७६पासून. ब्रिटनच्या लॉगबुकात, म्हणजे तिथल्या गाडीच्या नोंदणीच्या कागदात, ही तारीख लिहिलेली असते, पण त्याच लॉगबुकावर असंही छापलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नव्हे. त्यामुळे नुसतं लॉगबुक बघून पैसे पाठवू नका, विक्रीचं सहीचं बिल घ्या, आणि गाडी कायमची देशाबाहेर चालली हे तिथल्या खात्याला कळवायचा जो भाग लॉगबुकात असतो तो विकणाऱ्याने भरून पाठवलाय ना हे विचारा.

समजा आली गाडी, नोंद झाली. फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, नंतर परत नोंदवायचे ५,०००. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं, व्हीए म्हणजे विंटेज, दिसतं झकास. पण चालवायची कुठे तर प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, पेट्रोल भरणं आणि मेंटेनन्स. रोजच्या वापराला नाही. मित्र विचारतो, भाऊबीजेला पार्ल्याला बहिणीकडे नेली तर? नियमात भाऊबीज नाही. मी म्हंटलं, बहिणीच्या घराशेजारी पेट्रोल पंप असेल तर बघ. नियमातली ही बाजू मला चुकीची वाटत नाही खरं तर, अशी गाडी रोज सायनच्या ट्रॅफिकमध्ये घालणं म्हणजे आजीला लोकलच्या दारात उभं करण्यासारखं आहे. माझी तक्रार वेगळी. अर्ज मिळाल्यावर साठ दिवसांत आरसी द्यायची असं नियम म्हणतो, आम्ही चौकशीला एका आरटीओत गेलो तर खिडकीवरच्या बाईंनी व्हीए ऐकून विचारलं, व्हीआयपी नंबर पाहिजे का? मग दुसरी खिडकी, मग वरचा मजला, मग साहेब मीटिंगमध्ये. नियमाप्रमाणे या कामाला एक अधिकारी नेमलेला असायला पाहिजे. त्याचं नाव नुसतं भिंतीवर लावा हो, आमचे गुडघे वाचतील.

आता पळवाटा. मित्राच्या भाच्याने सुचवलं, कार्नेटवर आणू. कार्नेट म्हणजे गाडीचा पासपोर्ट समजा, चर्चगेटला वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन आहे ना, १९१९ची जुनी संस्था, इथल्या गाड्यांना तिथे मिळतो, प्रत्येक बॉर्डरवर आत येताना शिक्का आणि बाहेर जाताना शिक्का. अहमदाबादचं ठाकोर कुटुंब २०२३ला त्यांची १९५०ची एमजी घेऊन थेट इंग्लंडपर्यंत गेलं, गाडीचं नाव लाल परी, आणि आपल्याकडे लाल परी म्हंटलं की एसटी डोळ्यासमोर येते म्हणून मी ती बातमी आधी एसटी लंडनला गेली अशीच वाचली होती. असो. तर अशा तात्पुरत्या प्रवासाला ड्युटी लागत नाही. पण तात्पुरत्या. बाहेरची गाडी कार्नेटवर आली तर मुदतीत परत गेली पाहिजे, इथेच ठेवली तर ड्युटी वसूल होते आणि कार्नेट काढताना हमी म्हणून ठेवलेली रक्कम अडकते ते वेगळंच. भाचा गप्प बसला. दुसऱ्या एकाने फोनवर सांगितलं की काका कशाला एवढं, भूतानमार्गे करून देतो, निम्म्यात. हे तर ऐकूच नका. सप्टेंबर २०२५मध्ये कस्टम्सने केरळात ऑपरेशन नुमखोर केलं ते याच रस्त्याने आलेल्या गाड्यांसाठी, नुमखोर म्हणजे भूतानच्या भाषेत गाडी. बड्या बड्या लोकांच्या दारातून गाड्या उचलल्या. आपण कुठे, आपल्याला तर वकील पण परवडायचा नाही.

मला वाईट कशाचं वाटतं सांगू? हीच मुंबई. आमच्या परळपासून हाकेच्या अंतरावर शिवडीला १९२८पासून जनरल मोटर्सचा कारखाना होता, खोक्यांतून सुटे भाग यायचे आणि इथले कामगार गाड्या जोडायचे, १९५४ला बंद झाला. कुर्ल्याला वालचंद हिराचंदांची प्रीमियर, तिथूनच पुढे पद्मिनी निघाल्या. नंतर १९७१ला संस्थानिकांचे तनखे बंद झाले, राजेरजवाड्यांच्या गाड्या कवडीमोलाने परदेशात गेल्या, आणि मग सरकारने १९५०पूर्वीच्या गाड्या बाहेर न्यायला बंधनं घातली. म्हणजे गाडी जाताना सरकार म्हणतं हा वारसा आहे, हात लावू नका. तीच गाडी परत येताना म्हणतं हा वापरलेला माल आहे, १३७.५ टक्के काढा. एक काय ते ठरवा ना.

कोणी म्हणेल हे श्रीमंतांचे चोचले, यांच्यावर कर लावला तर बिघडलं काय. पण श्रीमंत माणूस भरतोच हो, त्याला फरक पडत नाही, त्याच्याकडे आधीच बारा असतात, तेरावी येते. अडतो तो माझ्या मित्रासारखा, प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशातून एकच गाडी घेणारा. आणि कुर्ल्यात जुन्या पत्र्यावर हाताने ठोकून गोलाई आणणारे डेंटर अजून दोन-चार शिल्लक आहेत, त्यांच्याकडेही मग फक्त ॲक्सिडेंटच्या गाड्या येतात.

म्हणून दोन गोष्टी मागतो. सरकारकडे, की पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाड्यांना ड्युटीचा वेगळा खाना करा, ब्रिटनइतकी कमी नका करू, पण वापरलेल्या गाडीच्या रांगेतून तिला बाहेर काढा. रोज रस्त्यावर येणार नाही ही अट तुम्हीच घातलीय, मग नव्या गाड्यांच्या धंद्याला ती काय धोका देणार? आणि तुमच्याकडे आणि तुमच्या भाऊबंद पेपरांकडे मागणं एवढंच की अशी बातमी लावताना फ्रीच्या ऐवजी ‘लायसनची गरज नाही’ असं लिहा, दोन शब्द जास्त लागतात मान्य आहे, आणि खाली ड्युटीचा आकडा द्या. ५०० पाउंड म्हणजे साडेसत्तावन्न हजार रुपये होतात.

मित्राचं काय झालं विचाराल. विकणाऱ्याने महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय आणि जुनं १०९८चं इंजिन त्याच्या शेडमध्ये पडलंय, ते परत बसवून देतो म्हणतो, त्याचे पैसे वेगळे. मित्राचं अजून ठरत नाही. मधल्या वेळात तो चोरबाजारात जाऊन तो केशरी हात शोधून आला, एकच मिळाला, १८०० रुपयांना, आणि १९६८च्या मॉरिसला तो नसतोच हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही. परवा गेलो तर डायनिंग टेबलावर बॅटरी ठेवून वायरी जोडून बसला होता. बटण दाबलं की हात वर येतो, दिवासुद्धा लागतो. खाली जायला मात्र थाप मारावी लागते.

आपला नियमित वाचक,
एक रिटायर डॉकवाला
परळ, मुंबई